आईला दाखवलेली विमानं

लातूर जिल्ह्यात राहून विमानांचे फोटो काढायचे म्हणजे निलंग्यात बसून समुद्रातली मासळी धरण्यासारखं आहे, असं माझी बायको म्हणते. तिचं चुकत नाही. आमच्याकडची विमानं वरच्या वर जातात. मुंबईहून हैदराबादला निघालेलं विमान आमच्या शिवारावरून जातं तेव्हा तिळाएवढं दिसतं, आणि त्या तिळासाठी मी मान मोडून घेतलेली आहे. लातूरला धावपट्टी आहे. तिच्या कडेला मी जितक्या वेळा जाऊन बसलो तितक्या वेळा मला टिटव्याच जास्त दिसल्या.

हा नाद कुठून लागला, असं कुणी विचारलं की मी ‘लहानपणापासून आवड’ असं ठोकून देतो. लोकांना ते पटतं, विषय संपतो. खरं म्हणजे आवड-बिवड काही नव्हती. विमानांचे फोटो काढायला लागलो ते आईला घरात झोपवण्यासाठी. वीसेक वर्षं मी त्या एकाच कामाच्या मागे होतो आणि ते मला जमलं नाही.

आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी अकरावीला होतो, लातुरात खोली करून. अभ्यासासाठी लातूर, असं तेव्हा नुकतंच लोकांच्या तोंडी यायला लागलं होतं. वडील मी लहान असतानाच गेले होते, मार्क बरे होते, म्हणून मामाने मला तिथं आणून टाकलं. गावी आई आणि माझी धाकटी बहीण, अशा दोघीच. घर माळवदाचं. दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर लाकडावर टाकलेली ढीगभर माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, असं आम्हीच त्याचं कौतुक करायचो. गणपती बुडवून लोक घरी आले, झोपले, आणि पहाटे ते सगळं एका दमात खाली आलं. आई वाचली. बहीण गेली. ती तिसरीत होती.

मी गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्या दिवसाचं माझ्याजवळ फार काही उरलेलं नाही. आई बाभळीखाली बसली होती, अंगावर कुणाचं तरी घोंगडं होतं, एवढं आठवतं. मग आभाळातून धडधड सुरू झाली आणि उभ्या ज्वारीत एक हेलिकॉप्टर उतरलं. ताटं आडवी झाली, धूळ उडाली. त्याआधी मी हेलिकॉप्टर कधी पाहिलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस आभाळ रिकामं म्हणून नव्हतं. पोटात धान्य, औषधं, तंबू भरलेली जड विमानं लांबून घुमत जायची. एवढी विमानं आमच्या भागाने त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाहीत.

नंतरचं आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भुई हलायची थांबली तरी आवाज थांबले नाहीत. कधी जमिनीच्या पोटात घुमल्यासारखं व्हायचं, फळीवरची भांडी वाजायची आणि गाव बाहेर पडायचं. त्यात आम्हाला बिदर जवळ. तिथल्या हवाई दलाच्या तळावरून शिकाऊ वैमानिक उडायचे ते फिरत फिरत आमच्या शिवारावर यायचे. जेट खालून गेलं की आधी गडगड, मग पत्र्यांची थरथर. बायका पोरं काखेत मारून रस्त्यावर यायच्या, कुणीतरी वर बोट दाखवायचं, मग सगळे त्या वैमानिकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत आत जायचे. आधी विमान आलं की पोरं बाहेर धावायची. आता त्यांच्या पुढं म्हातारे धावायला लागले होते.

पुनर्वसनात आम्हाला दोन खोल्यांचं सिमेंटचं घर मिळालं. आई त्या घरात स्वयंपाक करायची, फरशी पुसायची, देवाजवळ दिवा लावायची. अंग टाकायला मात्र बाहेर. अंगणात बाज टाकलेली. पावसाळ्यात बाजेच्या चारी बाजूंना बांबू आणि वर ताडपत्री. थंडीत दोन घोंगड्या आणि कानाला फडकं. दोन-तीन वर्षांत अख्खं गाव आत गेलं, आई गेली नाही. आत चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. “असू दे. बरं हाय इथं.”

मी म्हटलं, भीती आहे. मामाही तेच म्हणाला, शेजारीपाजारीही तेच म्हणाले. भीतीला उपाय असतो, असं माझं साधं गणित होतं. आवाज कशाचा हे माणसाला कळलं की भीती जाते. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. आवाज म्हणजे काय हे मलाच समजावता येणार नसेल तर कुणाला येणार?

तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. नांदेड, परभणी, पुढंपुढं अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. घरमालकांनी न्हाणीघराशेजारच्या बोळातसुद्धा कॉट टाकल्या. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडून त्याचा जुना रशियन कॅमेरा आणि एक लांबलचक लेन्स घेतली. ती लेन्स एवढी जड होती की अर्ध्या तासात मनगट दुखायचं.

क्लासच्या धंद्यात रविवार हा टेस्टचा वार. सगळ्या मास्तरांना रविवारी सुट्टी हवी असते आणि मालकांना ती द्यायची नसते. मी आपण होऊन बुधवार मागितला, कारण रविवारी शिकाऊ विमानं उडत नाहीत. मालक इतके खूश झाले की बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायला लागले. बाकीचे माझ्यावर किती खूश होते ते वेगळं सांगायला नको.

बुधवारी सकाळच्या एसटीने गावी जायचो. आई भाकरी टाकत असायची आणि मी अंगणात तिच्याच बाजेवर कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचो. जेटचा फोटो काढणं हे फसवं काम आहे. नवखा माणूस आवाज येतो तिकडे बघतो आणि तिथं काही नसतं. आवाज आपल्यापर्यंत येतोय तोवर विमान पुढं निघून गेलेलं असतं. म्हणून नजर आवाजाच्या पुढं टाकायची, लेन्स विमानाबरोबर फिरवत न्यायची आणि फिरता फिरताच बटण दाबायचं. छत्तीसचा रोल धुऊन आणला की त्यात मुख्यतः मराठवाड्याचं निळं आभाळ निघायचं. दोन-चार फोटोंत कोपऱ्यात शेपटी नाहीतर पंख. कधीतरी पूर्ण विमान आलं की मी क्लासमध्ये दिवसभर पोरांवर ओरडायचो नाही.

ते फोटो घेऊन मी पुढच्या बुधवारी आईपुढं बसायचो.

“हे बघ. हे किरण. नाक बोथट, पोट फुगीर. मागच्या खेपेला भांडी वाजली ना, ती ह्याच्यामुळं.”

आई पदराला हात पुसून फोटो कडेने धरायची आणि खूप वेळ बघायची. कुणाच्या लग्नाचा फोटोही ती इतका वेळ बघत नसे.

“ह्याच्यात मानूस बसतो?”

“दोघं बसतात. शेजारी शेजारी. एक शिकवणारा, एक शिकणारा.”

“तुझ्यावानी मास्तर हाय की मग त्यो.” आणि हसायची.

“मग? आज झोपायचं ना आत?”

“बघू की.”

हे ‘बघू की’ मी वर्षानुवर्षं ऐकलं. मी हट्टाला पेटलेला माणूस होतो. जमिनीतला आवाज आणि आभाळातला आवाज ह्यांतला फरक मी तिला परात आणि तांब्या घेऊन समजावला. परातीत पाणी घालून लाटा दाखवल्या. ती ऐकून घ्यायची, मधेच भाकरी उलटायला उठायची, परत येऊन बसायची. पुढंपुढं तर माझ्या आधी तिचं बोट वर जायला लागलं, आवाजाच्या बरोब्बर पुढं. “तितं न्हाई रे, म्होरं बघ, म्होरं!” माझ्या बारावीच्या पोरांना जे कळायला वर्ष जायचं ते हिला नुसतं बघून कळलं, म्हणून मला केवढा आनंद व्हायचा. झालं, म्हणायचो, भीती मोडली. संध्याकाळी एसटीला निघताना मागे वळून बघावं तर बाज आपली अंगणात, उशी ठेवलेली.

मग बिदरकडून नवी विमानं यायला लागली. हॉक, सडपातळ, टोकदार नाकाची. माझ्याकडेही तोवर डिजिटल कॅमेरा आला होता. एका बुधवारी चार हॉक एका रांगेत तिरकी वळली आणि चारही माझ्या फोटोत आले, पंख न पंख स्वच्छ. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो. मी कौतुकाने तो क्लासच्या स्टाफरूममध्ये लावला. मालकांनी पाहिला, म्हणाले, “सर, हा द्याच आपल्याला.” निकाल लागल्यावर एसटी स्टँडच्या चौकात भलंमोठं फ्लेक्स लागलं. माझी चार हॉक, आणि चारही विमानांच्या काचेवर चार टॉपर पोरांची हसरी तोंडं चिकटवलेली. खाली लाल अक्षरांत ‘गगनभरारी’. ज्या पोरांची तोंडं कुठंच चिकटली नाहीत ती त्याच फ्लेक्सखालून ट्रंका ओढत किनवट, हदगावच्या गाड्यांना लागत होती. त्यांतल्या पुष्कळांना मी शिकवलं होतं. त्या आठवड्यात मी तो चौक टाळून लांबच्या रस्त्याने जात होतो.

मी लातुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईला न्यायचं, तिला तिची खोली द्यायची, असं मनात होतं. मुलीच्या बारशाला ती आली. दिवसभर घरात नातीला मांडीवर घेऊन बसली, आणि जेवणं झाल्यावर अंथरूण घेऊन गच्चीवर निघाली. चार दिवस ती गच्चीवरच झोपली. सोसायटीतला एक जण मला जिन्यात गाठून म्हणाला, “सर, आईंना घरात जागा नाही का हो?” पाचव्या दिवशी आई गावी गेली.

त्यानंतर तिला दमा जडला. थंडी सुरू झाली की छाती वाजायची, दोन वाक्यं बोलली की थांबावं लागायचं. निलंग्याच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की उघड्यावर झोपणं थांबवलं नाही तर ह्या फार हिवाळे काढणार नाहीत. इतके दिवस तिचं बाहेर झोपणं ही माझ्या जिवाला लागलेली एक रुखरुख होती. आता तिच्या जिवावरच आलं.

मी तिला नांदेडला न्यायचं ठरवलं. छातीचे डॉक्टर लातुरात काय कमी आहेत? पण नांदेडला विमान उतरत होतं. तिथली विमानसेवा कधी सुरू, कधी बंद. तेव्हा सुरू होती. माझ्या डोक्यात एक शेवटचा उपाय होता. आईने विमान दुरूनच पाहिलं होतं, तिळाएवढं नाहीतर बोटाएवढं. ते अगदी जवळून, खाली येताना, टेकताना पाहिलं, आवाज कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे सलग ऐकलं, की उरलीसुरली भीती जाईल. एवढं शिकलेला माणूस असून मी ह्यावर विश्वास ठेवून होतो.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आठवडाभर दाखल करा. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. आई म्हणाली, “न्हाई.” डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं. “गोळ्या द्या, घरी खाते.” मी डॉक्टरांना म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांबा, मी आणतो हिला. आणि रिक्षा करून तिला विमानतळाच्या बाजूला घेऊन गेलो.

भिंतीपासून बरंच अलीकडे एक सोयाबीन काढलेलं रान होतं. त्याच्या बांधावर लिंबाखाली आम्ही बसलो. मी तिला पाणी दिलं, दम्याचा पंप दिला. ती शेताकडे बघत म्हणाली, “माती चांगली हाय हितली.” बऱ्याच वेळाने पूर्वेकडे दिव्याचा ठिपका दिसला. मी काही सांगायच्या आत तिचं बोट वर गेलं. ठिपका वाढत गेला, चाकं दिसली, खिडक्यांची रांग दिसली, आणि ते पांढरं धूड आमच्या पुढ्यातून एवढ्या खालून गेलं की लिंबाची पानं हलली. मी फोटो काढले. चाकं टेकल्याचा चर्र आवाज आला, मग इंजिनांची गर्जना, मग ती हळूहळू उतरत गेली आणि शेतातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

“ऐकलंस?” मी म्हणालो. “पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंस ना? एवढं मोठं विमान, एवढ्या जवळून गेलं, आणि जमिनीला काही झालं नाही. आता चल दवाखान्यात.”

आई थोडा वेळ दम खात बसली. मग म्हणाली, “मला ठावं हाय की रे.”

“काय ठाऊक आहे?”

“आवाज इमानाचा हाय त्यो. लई दिस झाले, ठावं हाय. पयली दोन-तीन वर्सं भ्याव वाटायचं. मंग न्हाई वाटलं.”

मला आधी समजलंच नाही. “मग आत का झोपत नाहीस?”

ती बांधावरचं गवत उपटत होती. “त्या रातीला मी भाइर निजले व्हते. आत लई उकडत व्हतं. ती बी आली वाकळ घेऊन माझ्यापाशी. पडसं झालतं तिला. दंव पडायलंय, आत जा म्हनलं. न्हाई म्हनाली. रडायली. मी रागं भरून आत धाडली.”

थांबून तिने श्वास घेतला.

“मी भाइर व्हते म्हनून वाचले. आता आत कशी निजू?”

एवढ्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, आई, तू मुद्दाम केलंस का? पोराला सर्दी असली की कुठलीही आई हेच सांगेल. “हाव,” ती म्हणाली. यंदा पाऊस बरा झाला, असं कुणी म्हटल्यावर माणूस ‘हाव’ म्हणतो तसं. माझ्या बोलण्याचा तिच्यावर काही उपयोग नाही हे मला तिथंच कळलं. ते सगळं तिने स्वतःला सांगून पाहिलेलं असणार.

मग मला राग आला. आज लाज वाटते, पण आला. “मग इतकी वर्षं ते फोटो कशाला बघत होतीस?”

“तू आनायलास म्हनून,” आई म्हणाली. “दर बुधवारी यायलास. नको कसं म्हनू?”

दवाखान्यात ती गेली नाही. गोळ्या घेऊन आम्ही लातूरच्या गाडीत बसलो. ती खिडकीपाशी झोपली आणि मी तिच्या छातीतली घरघर ऐकत बसलो. इतकी वर्षं मी तिला आवाज समजावून सांगत होतो, आणि तिचं दुखणं आवाजाचं नव्हतंच. भीती असती तर मी कधी ना कधी जिंकलो असतो. ह्याच्यापुढं माझ्याजवळ काही नव्हतं. फोटो नव्हता, परात-तांब्या नव्हता, एक शब्द नव्हता.

बुधवारी जात राहिलो. दोन खेपा कॅमेरा नेला नाही, तर म्हणाली, “फोटू न्हाई काढायलास आता?” म्हणून पुन्हा न्यायला लागलो. अंगणाला वाऱ्याच्या बाजूने तुरकाट्यांचा कूड घालून दिला. तिने तो काढायला लावला नाही, पण त्याच्या आडोशालाही ती झोपली नाही. थंडी वाढेल तशी ती बसूनच झोपायची, पुढ्यात उशी घेऊन.

पौषात, उजाडल्यावर, बाजेवरच गेली. शेजारणीने चहा आणला तेव्हा कळलं. मी लातुरातून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. हदगावच्या मावशीला यायला दुपार होणार होती, तोवर थांबायचं होतं. ऊन बाजेवर आलं तसे भावकीतले चौघे पुढं झाले आणि त्यांनी बाजेच्या पायांना हात घातला.

“थांबा,” मी म्हणालो.

“अरे उन्हात कशाला? आत घेऊ तिला,” चुलते म्हणाले. “आता कशाचं भ्याव हाय?”

मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. घरातून दोन चादरी आणल्या, ताडपत्रीच्या बांबूंना बांधल्या आणि तिच्या तोंडावर सावली केली. माणसं कुजबुजत होती, पोरगं येडं झालंय म्हणत होती. त्यांना म्हणू दिलं. घराचं दार सताड उघडं होतं आणि मी त्या दारात उभा राहिलो. मावशी येईपर्यंत तिला कुणाला आत नेऊ दिलं नाही.